एनिड काल हसत होती

मी लिनेट हार्ग्रीव्हचा हेडफोन बोलतोय. बोलणं माझ्या जातीचं काम नव्हे, आम्ही ऐकणारे. पण एकाच बाईच्या कानांवर बसून उभा जन्म काढला, की कधीतरी हेडफोनलाही तोंड फुटतं.

लिनेटला वाटलं होतं, रेडिओ म्हणजे काचेची चकचकीत खोली, दारावर लाल दिवा आणि आत हळू आवाजात बोलणारी नीटनेटकी माणसं. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला आली इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदराच्या इस्पितळाच्या तळघरातली, धोबीखान्याला लागून असलेली झाडू-बादल्यांची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. पलीकडे चादरी धुणारी यंत्रं सुरू झाली की टेबलावरचा पेला थरथरायचा. पगार नाही, चहाही घरून आणायचा. इस्पितळातल्या रोग्यांसाठी गाणी लावणारा तो रेडिओ फक्त खाटांशेजारच्या कर्ण्यांमधून ऐकू यायचा. इस्पितळाच्या फाटकाबाहेर त्याला कुत्रंही विचारत नव्हतं.

माझा जन्म ऑस्ट्रियातल्या एका कारखान्यातला. ग्रिम्सबीच्या गोदीतल्या जुन्या बाजारात मी धूळ खात पडलो होतो, तिथून लिनेटच्या वडिलांनी मला उचललं. ते गोदीवर हॅडॉक मासे सोलायचे. त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिलं.

"माशाचा वास येतोय," लिनेट म्हणाली.

"मग काय गुलाबाचा येणार? जाईल हळूहळू. तोवर डोळे मिटून ऐक."

तो वास कधीच पुरता गेला नाही. माझ्या कानगाद्या पुढं कितीदा बदलल्या, वायर बदलली, पण डोक्यावरच्या कातडी पट्टीत तो राहिलाच. मला त्याची कधी लाज वाटली नाही. लाज वाटावी असं पुष्कळ काही पुढं घडायचं होतं.

त्या तळघराची मालकीण म्हणजे मिसेस पिकरिंग. शिस्तीची बाई. पहिल्याच दिवशी तिनं लिनेटच्या हातात पेन्सिल दिली आणि वरच्या मजल्यांकडे बोट दाखवलं.

"आधी वॉर्डात जायचं. खाटेशेजारी बसायचं. माणूस बघायचा, त्याला काय ऐकायचंय ते विचारायचं. मग खाली येऊन त्याचं नाव घ्यायचं. ज्याच्याशेजारी बसली नाहीस, त्याचं नाव माईकवर घ्यायचं नाही. समजलं?"

"आणि वेळ नसला तर?"

"तर गाणं लावायचं आणि गप्प बसायचं. गाण्याला कुणाची ओळख लागत नाही."

लिनेट रोज संध्याकाळी वॉर्ड पालथे घालायची. कुणाचा पाय मोडलेला, कुणाचं पोट फाडलेलं, कुणी नुसतंच म्हातारं. ती खाली येऊन मला डोक्यावर चढवायची आणि बोलायला लागायची, तेव्हा तिचे कान गरम असायचे. तिच्या बोलण्यात चुका व्हायच्या, शब्द अडखळायचे. पण माझ्यातून जाणारा तो आवाज कुणाकडे तरी चाललेला असायचा. तो कुठल्या खाटेकडे चाललाय, हे मला न सांगता कळायचं.

तिथून ती गावच्या रेडिओवर गेली. सकाळचा कार्यक्रम. भरती-ओहोटीच्या वेळा, हरवलेली मांजरं, बर्फ पडला की बंद असलेल्या शाळांची नावं. काचेपलीकडे डगी बसायचा. यंत्रं सांभाळणारा, टक्कल पडलेला, तोंडात सदा पेपरमिंटची गोळी. तो माईकवर कधी बोलायचा नाही, फक्त माझ्यात बोलायचा. "घड्याळ बघ." "शाळेचं नाव चुकलं, बाई, ती पोरं आता बर्फातून चालत जातील." लिनेट हसायची आणि ते हसू गावभर जायचं. दुकानात लोक तिला आवाजावरून ओळखायचे. मासेवाला म्हणायचा, "तोंड बघून वाटलं नव्हतं, पण बोललीस आणि लगेच कळलं."

मग तिला लीड्समध्ये टेलिव्हिजनवर काम मिळालं, पुढं लंडनला. टेलिव्हिजनवर मी चालत नाही, केस विसकटतात. तिथं तिच्या कानात वाटाण्याएवढं एक यंत्र बसवलं आणि मी खणात गेलो, मोजे आणि जुन्या किल्ल्यांच्या सोबतीला. तिच्याबद्दल जे कळायचं ते खणाच्या फटीतून. ती घरी आली की फोनवर सांगायची, नाताळचा कार्यक्रम भर उन्हाळ्यात उरकला, कापसाचा बर्फ अंगावर चिकटला, लोकरीच्या स्वेटरात घामानं जीव गेला. "आणि मी म्हटलं, बाहेर काय गारठा आहे!" असं म्हणून ती खो खो हसायची. मी खणात पडल्या पडल्या ऐकायचो. हसणं तेच होतं, पण ते कुणाकडे चाललेलं नव्हतं.

टेलिव्हिजनला बायकांच्या सुरकुत्या खपत नाहीत. एका वर्षी तिच्या जागी एक तरुण मुलगी बसली आणि लिनेट ग्रिम्सबीला परत आली. तिची बहीण मॉयरा हिच्या घरात माडीवरची खोली मिळाली, जुन्या रेडिओवर जुनाच सकाळचा कार्यक्रम मिळाला. तिनं खण उघडला, मला बाहेर काढलं, नव्या गाद्या चढवल्या. डगी अजून काचेपलीकडेच होता, पेपरमिंटसकट. मला वाटलं, सगळं पहिल्यासारखं झालं.

तसं झालं नव्हतं. आता ती वॉर्डात जात नसे. दर नाताळला इस्पितळातल्यांसाठी खास कार्यक्रम असायचा. परिचारिकांकडून नावांची यादी यायची. आणि नाताळच्या सकाळी स्टुडिओत कोण येणार? म्हणून कार्यक्रम डिसेंबरच्या सुरुवातीलाच रेकॉर्ड करून ठेवायचा, पण असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, लिनेट या क्षणी आपल्याशी बोलतेय. आमच्या धंद्यात ही कला समजली जाते. कागद खुळखुळवायचा, मध्येच चहाचा घोट घ्यायचा, "खिडकीबाहेर बघतेय तर काय" म्हणायचं. आमच्या स्टुडिओला खिडकी नव्हती.

यंदाच्या यादीत सहाव्या वॉर्डातली एनिड होती. शेजारी लिहिलं होतं: नवरा क्लिफ, पूर्वी मासेमारीच्या बोटीवर आचारी.

लिनेट माईकवर म्हणाली, "सहाव्या वॉर्डातल्या एनिडला नाताळच्या शुभेच्छा! कालच मी तिच्याशी गप्पा मारून आले. काय खळखळून हसत होती! क्लिफ, तू तिच्याशेजारी बसलायस ना? हात धर बघू तिचा."

डगीचा आवाज माझ्यात आला. "लिनेट, 'काल' नको गं. नुसत्या शुभेच्छा दे."

"अरे, काल म्हटलं की जिवंत वाटतं."

"आपल्याला काय ठाऊक, नाताळपर्यंत काय होईल ते."

"तू ना, लग्नातसुद्धा रडणाऱ्यातला आहेस. चल, पुढचं गाणं."

डगीनं गाणं लावलं. पण ते वाक्य तिच्या तोंडून निघून आधी माझ्यातून गेलं होतं, गावात नंतर. 'काल' म्हणताना तिच्या घशात जो गोड कंप यायचा, तो तिला फार आवडायचा. तो मी तिला जसाच्या तसा ऐकवला. तिला तिच्या आवाजाच्या प्रेमात पाडण्याचं काम इतकी वर्षं मीच केलं. हे कुणाला सांगू?

नाताळची सकाळ उजाडली. मॉयराच्या स्वयंपाकघरात टर्की भाजत होती, कोबीच्या गड्ड्या उकळत होत्या. दोन टोकं धरून ओढायचे नाताळचे कागदी फटाके वाजवून झाले होते आणि त्यातून निघालेले कागदी मुकुट दोघी बहिणींच्या डोक्यावर होते. लिनेट कोपऱ्यातल्या रेडिओला माझी वायर जोडून स्वतःचा कार्यक्रम ऐकत बसली होती.

"हिचं बघा," मॉयरा टर्कीवर चरबी सोडत म्हणाली. "समोर सख्खी बहीण, आणि बाई स्वतःशीच गप्पा मारत बसल्यात."

"मोठ्यानं लावू का मग?"

"नको बाई. या घरात तुझा आवाज एका वेळी एकच पुरे."

एनिडचं नाव आलं, हसू आलं, 'काल' आलं. लिनेटच्या गालाचा स्नायू माझ्या गादीखाली वर सरकला. ती खूश होती.

जेवायला बसणार तोच फोन वाजला. लिनेटनं मला कानांवरून गळ्यात ओढलं. फोन डगीचा. तो एकटाच केंद्रावर होता, कार्यक्रम नीट चाललाय ना बघायला.

"लिनेट, ती एनिड. दहा दिवसांपूर्वी वारली."

"अरे देवा."

"एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या मुलीचा फोन होता, जिलचा. वॉर्डात पोटाची साथ होती म्हणून नातेवाइकांना आत सोडत नव्हते. म्हाताऱ्यानं शेवटी शेवटी बायकोला पाहिलंच नाही. वारल्यावरही तिला बघायला गेला नाही, धीर झाला नाही त्याला. सुट्ट्यांमुळे अंत्यविधी जानेवारीत ढकललाय. आणि आता तो कोट घालून दारात बसलाय. म्हणतो, इस्पितळाची चूक झाली, दुसरीच कुणी गेली. माझी एनिड वॉर्डात आहे, लिनेट कालच तिला भेटली."

लिनेटनं माझी वायर रेडिओतून उपटली.

"मुलीनं समजावलं, तर तिच्यावर ओरडला. म्हणाला, लिनेट रेडिओवर खोटं कशाला बोलेल?"

तिनं फोन ठेवला, कोट अंगावर घेतला आणि निघाली. मी गळ्यात, माझी वायर मागं लोंबकळत. डोक्यावर जांभळा कागदी मुकुट तसाच. मॉयरानं हाक मारली, पण गाडी सुटली होती.

क्लिफचं घर शेजारच्या क्लीथॉर्प्सला, समुद्राकडच्या घरांच्या रांगेत. दार जिलनं उघडलं. पन्नाशीची, रडून डोळे सुजलेली. तिची नजर आधी मुकुटाकडे गेली. लिनेटनं तो ओढून काढला आणि मुठीत चुरगळला.

क्लिफ बोळातल्या खुर्चीत बसला होता. कोट, मफलर, मांडीवर टोपी.

"आली! बघ जिल, स्वतः आली! मी म्हणत होतो की नाही? चला, निघू या. हिची गाडी आहे."

"बाबा, जरा ऐका..."

"तू ऐक. निम्मं आयुष्य मी समुद्रावर काढलं. तू जन्मलीस ते मला आइसलंडच्या बाजूला रेडिओवर कळलं. वादळ कुठून येतंय, कोण बुडालं, कोण वाचलं, सगळं रेडिओवर. तिथं कुणी खोटं बोलत नाही, पोरी. खोटं बोललं तर बोट बुडते."

लिनेट त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिच्या गळ्याची शीर माझ्या पट्टीवर थाडथाड उडत होती. मला वाटलं, आता सांगते. सांगितलंच पाहिजे.

"क्लिफ, दिवसांचा माझा घोटाळा झाला. काल नव्हे ते. आधी कधीतरी. जिल सांगते ते खरं आहे. एनिड गेली."

म्हाताऱ्यानं टोपी बोटांनी फिरवली, मग थांबवली.

"आधी कधी?"

"डिसेंबरच्या सुरुवातीला."

"पण तू तिच्याशी बोललीस. गप्पा मारल्यास. रेडिओवर म्हणालीस तू."

"हो."

"काय म्हणाली ती?"

इथं गप्प बसायचं होतं. लिनेटला गप्प बसण्याची सवय राहिली नव्हती. हवेत शांतता पडली की ती भरून काढायची, हेच तर तिचं पोट भरण्याचं साधन.

"म्हणाली," लिनेटच्या घशात तो गोड कंप आला, "म्हणाली, क्लिफला सांगा, गार वाऱ्यात गळा उघडा टाकून फिरत जाऊ नकोस म्हणावं."

क्लिफचा हात आपल्या मफलरकडे गेला. त्याचा चेहरा असा उजळला, की मला कुठं तोंड लपवावं कळेना. "बोलली! जिल, ऐकलंस का? आई बोलली!" त्यानं कोटाची बटणं सोडायला घेतली. आता कुठं जायचं राहिलं नव्हतं. "अंत्यविधीला तू ये, बाई. पाद्री काय सांगायचं ते सांगेल, पण हे तू सांग सगळ्यांना. तिचे शब्द. येशील ना?"

"येईन," लिनेट म्हणाली.

त्यानं बशीत नाताळात करतात त्या, सारण भरलेल्या छोट्या गोड पेस्ट्र्या आणून दिल्या. एनिडची बहीण करून पाठवते म्हणाला. लिनेटनं एक खाल्ली. घास घशाखाली जाताना मी ऐकला. तसा आवाज दगड गिळताना येत असेल.

जिल तिला दारापर्यंत सोडायला आली. दार मागं ओढून घेत हळूच म्हणाली, "ऑक्टोबरमध्ये आईला झटका आला, तेव्हापासून तिच्या तोंडातून एक शब्द निघाला नव्हता. डॉक्टरांनीही आशा सोडली होती. म्हणून बाबा एवढे... तुम्ही खरंच भेटलात ना तिला?"

इतक्या वर्षांत मी लिनेटच्या तोंडून लाखो शब्द ऐकले. त्यातला सगळ्यात लहान शब्द तिनं त्या पायरीवर उच्चारला.

"हो."

जिलनं तिला मिठी मारली. दोघींच्या मध्ये मी चेंगरलो.

घरी आल्यावर तिनं जेवणाला हात लावला नाही. मॉयरानं सगळी हकिगत तिच्याकडून काढून घेतली, एकेक वाक्य, गोदीवरचे लोक माशातून काटे काढतात तसं.

सकाळी लिनेट कोट घालताना दिसली तेव्हा मॉयरा चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली. "सांगायला निघालीस?"

"हो."

"कशासाठी? म्हातारा सुखात आहे. तुझं मन हलकं करायला त्याचं सुख हिसकावून घेशील?"

"ते सुख माझं आहे, मॉयरा. मी बनवलेलं. त्याच्या बायकोचं नाही."

"त्याला काय फरक पडतो?"

"एनिड दोन-अडीच महिने गप्प होती. हा रोज त्या गप्पपणाशेजारी जाऊन बसत होता. साथ येईपर्यंत एक दिवस चुकला नाही, जिल सांगत होती. ते त्या दोघांचं होतं. आणि मी तिच्या तोंडात माझा शब्द कोंबून आले. आता जानेवारीत उभं राहून सगळ्या गावाला तोच ऐकवू?"

मॉयरानं कप खाली ठेवला. "तो तुला हाकलून देईल."

"देऊ दे."

"आणि रेडिओवरचे साहेब?"

"दहा वाजता माझा थेट कार्यक्रम आहे. डगीला फोन केलाय. नाताळचा कार्यक्रम कधी रेकॉर्ड झाला, कसा झाला, मी वॉर्डात पाऊल टाकलं होतं की नव्हतं, सगळं सांगणार आहे. ते परत माईकसमोर बसू देतील असं वाटत नाही. पण आधी क्लिफ. त्याला हे रेडिओवर कळता कामा नये."

मी सवयीनं तिच्या पिशवीत होतो. क्लिफच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा तिनं पिशवीत हात घालून मला बाहेर काढलं, गळ्यात अडकवू लागली, आणि मध्येच थांबली. मग तिनं मला शेजारच्या सीटवर ठेवलं. खिडकीची काच खाली करून गार हवा आत घेतली आणि काच तशीच उघडी ठेवून उतरली.

मी आता तिथंच पडलोय. वायर सीटखाली गेली आहे. आज सकाळी तिला तिचा आवाज ऐकवायला कुणी नाही. तो थरथरतोय की घोगरा झालाय, गोड लागतोय की नाही, तिला कळणार नाही. माझा उपयोग संपला असेल, तर वाईट वाटणार नाही. जुन्या बाजारात गेलो तरी चालेल. तुमच्यापैकी कुणी मला विकत घेतलंत, तर एवढंच मागणं आहे: माझ्यातून दुसऱ्याचं ऐका. स्वतःचं नको.

दार उघडल्याचा आवाज आला. क्लिफ हसतमुखानं काहीतरी म्हणाला, चहा टाकतो असं काहीसं. रात्री सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले म्हणाला.

"क्लिफ, चहा नको," लिनेट म्हणाली. आवाज अगदी साधा होता, कुठलाही कंप नसलेला, जवळजवळ अनोळखी. "मी एनिडला कधीच भेटले नाही. तिला कधी पाहिलंसुद्धा नाही. काल मी सांगितले ते शब्द माझे होते."

त्यानंतर दोघंही बोलले नाहीत. लिनेटनं ती शांतता भरून काढली नाही. ती दारात उभी राहिली, त्याला जेवढा वेळ लागणार होता तेवढा वेळ.